शमुवेलच्या बाबांची साक्ष

मिशन कंपाउंड, धुळे
२० ऑगस्ट १९८६

शमुवेलच्या बाबांना वच्छलाचा सलाम.

तुमचं कार्ड मिळालं. ‘काम शोधतो आहे, काळजी करू नये.’ बस्स. ते काम जळगावला पिंप्राळ्यात, सुकदेवभाऊंच्या पिठाच्या गिरणीवर सापडलं, हे त्या कार्डावर मावलं नाही वाटतं. मला निंबा कंडक्टरने सांगितलं. तुमच्याच गल्लीतला तो, जळगाव-धुळे गाडीवर असतो. परवा स्टँडवर भेटला. त्या बिचाऱ्याला वाटलं, मला सगळं ठाऊकच असणार. म्हणाला, “वहिनी, आवंदा तुम्हना घरनी कानबाई जोरमा बसनी. आठ वरीसमा पहिलेंदा अभिमनभाऊनी रोट खादात. बठ्ठा भाऊबंद एक पंगतमा बसनात.”

मी हसले आणि म्हटलं, हो, बरं झालं. दुसरं काय म्हणणार होते?

श्रावणातल्या त्या रविवारी तुमच्या घरात कानबाई देवी बसवतात, माणशी मुठी मोजून गहू घेतात, त्याचे रोट करतात आणि भाऊबंदांशिवाय बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत, हे मला नवं नाही. लग्न होऊन आले तेव्हा पहिली चार वर्षं ते गहू मीच निवडले. आपण बाप्तिस्मा घेतला आणि तुमच्या नावाची मूठ बंद झाली. सुकदेवभाऊंनी तेव्हा निरोप धाडला होता की आमचा एक भाऊ कमी झाला. त्यावर तुम्ही केवढ्या तोऱ्यात सांगितलं होतंत, मला चर्चच्या मंडळीत शंभर भाऊ मिळाले म्हणून.

मला रोटाचा राग नाही. तुमच्या आईचा सण आहे, त्यांनी जन्मभर मनापासून केला. मला राग तुमचा आहे. जाताना दारात उभं राहून माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केलीत, आणि दीड महिन्यात पाटावर जाऊन बसलात. मिशनचं हॉस्पिटल बंद झालं, साहेब लोक गेले, जीप गेली, तुमची ड्रायव्हरी गेली, हे का मला दिसत नाही? शमुवेलला जाऊन वर्ष होत आलं. मी त्याच घरात राहते ना.

मला छात्रालयाच्या स्वयंपाकघरात घेतलं आहे. मुलींच्या पोळ्या करायच्या. तब्येत छान आहे. तुमचा स्वेटर उन्हात घातला होता, कसर लागू नये म्हणून. दुसरं काही कारण नाही. लगेच या.

वच्छला


धुळे
९ नोव्हेंबर १९८६

शमुवेलच्या बाबांना सलाम.

चार पानी पत्र लिहिलंत. एवढं तर तुम्ही मला बोलतानाही कधी सांगितलं नव्हतं. तुम्ही लिहिता, देवाने पोरगं नेलं, भाकरी नेली, मग मी त्याचा कोण लागतो? त्याने करार मोडला, मी मोडला.

करार कधी झाला होता तुमचा? मी तुमच्या शेजारीच होते, मला कोणी सांगितलं नाही.

रविवारी तुम्ही साक्ष द्यायला उठलात की बायका पदर सावरून बसायच्या. आग्रा रोडवर ट्रक उलटला, पाय कापणार होते आणि मिशनच्या डॉक्टरांनी तो वाचवला, ही साक्ष लहान पोरांना तोंडपाठ होती. त्याच हॉस्पिटलात ड्रायव्हरी मिळाली, त्याची साक्ष. क्वार्टरमध्ये पंखा लागला, त्याचीही साक्ष. लग्नानंतर सात वर्षांनी शमुवेल झाला तेव्हा तर तुम्ही इतका वेळ बोललात की पाळकसाहेबांना आपला उपदेश आवरता घ्यावा लागला. लोक रडले. मीसुद्धा रडले, खोटं कशाला बोलू? फार गोड बोलायचात तुम्ही.

मी मात्र एकदाही उठले नाही. पाळकीणबाई कोपराने ढोसायच्या, “वच्छलाबाई, तुम्हाला प्रभूने काहीच दिलं नाही का हो?” मला सुचायचंच नाही. देण्याघेण्याचा हिशेब तुमच्याकडे होता. मी तुमच्या मागून आलेली.

पांझरेत बाप्तिस्मा झाला तो दिवस आठवतो? मला पाण्याची भीती. कमरेएवढ्या पाण्यात मी तुमचा शर्ट धरून उभी होते. पाळकसाहेबांनी मला विचारलं, “बाई, तू विश्वास धरतेस का?” आणि मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच म्हणालात, “हो, धरते ती.” सगळे हसले. मी नुसती मान हलवली. नवरा जाईल तिकडे जायचं, एवढंच मला कळत होतं.

माझं उत्तर मी सात वर्षांनी दिलं. शमुवेलला मातीत ठेवलं त्या दिवशी. पेटी खाली गेली आणि तुम्ही कब्रस्तानाच्या फाटकाबाहेर निघून गेलात. पाळकसाहेब इकडेतिकडे बघायला लागले, आता बापाच्या जागी माती कोण टाकणार म्हणून. मी टाकली. आणि मनात देवाला म्हटलं, तू काही देशील म्हणून मी आले नव्हते, मग तू नेलंस म्हणून कशी जाऊ? फार रागाने म्हटलं. अजूनही चुलीपाशी उभी राहून मी त्याच्याशी रोज भांडते. छात्रालयाच्या मुली म्हणतात, मावशी एकट्याच बडबडतात. पण उठून गेले नाही.

तुम्हाला वाटत असेल, मंडळी मला डोक्यावर घेऊन बसली आहे. छे. पाळकीणबाईंनी घरी येऊन विचारलं, “काही गुप्त पाप असेल तर कबूल करून टाका, मन हलकं होतं.” जिचं पोर गेलं तिला! क्वार्टर खाली करायची नोटीस आली तीही मंडळीतल्या भावांच्याच सहीने. मी आता स्वयंपाकघरालगतच्या खोलीत आहे. खोली चांगली आहे, धूर थोडा येतो.

तुम्ही लिहिता, पुढच्या श्रावणात ये, जोडीने देवीपुढे माथा टेकू, एक घास खा, मग भाऊ मागची खोली देतील, दोघांना गिरणीवर काम मिळेल. मला खोली हवी आहे. मला तुम्ही हवे आहात. रात्री कुशीवर वळले की हात रिकाम्या जागी पडतो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. पण माथा टेकवणार नाही. तिथे टेकला तर पांझरेत जे तुम्ही माझ्या वतीने बोललात ते खोटं होईल. तुम्ही ते खोटं करू शकता, तुमचं तोंड होतं. मला नाही जमणार.

वच्छला


धुळे
५ ऑगस्ट १९८७

शमुवेलच्या बाबांना सलाम.

रविवारी पिंप्राळ्यात तुम्ही माझ्याशी धड दोन शब्द बोलला नाहीत, म्हणून हे लिहिते.

‘माय आजारी शे, तुले देखानं म्हनस,’ हा निरोप निंबाने आणला म्हणून मी आले. तो रविवार कानबाईचा होता हे मला गाडीत बसल्यावर कळलं. कोणी आखलं होतं हे? तुम्ही की सुकदेवभाऊंनी? माय तर खाटेवर नव्हत्याच. चांगल्या धडधाकट चुलीपुढे बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “उनी का वहू? वाळी गयी तू ते. बस मन्हापान.” आणि माझ्या गालावरून पीठ लागलेला हात फिरवला. दोन वर्षांत मला कोणी असं हात लावला नव्हता.

मग ती पंगत. देवी मखरात सजवून बसवलेली, नवी साडी, नथ. सुंदर दिसत होती, मी बघितलं नाही असं नाही. सुकदेवभाऊ म्हणाले, “वच्छला, जुनं बठ्ठं सोड आते. देवीना पाया पड, दोन घास खाय. कोनी काही इचारनार नही.” मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही ताटाकडे बघत होतात, आणि तसंच बघत म्हणालात, “एक घास खाईसन काय बिघडी? मनमा तुन्हा देव ठेव ना.”

मनात. चौदा वर्षं होत आली लग्नाला. माझ्या मनात काय काय ठेवायचं हे तुम्हीच सांगत आलात.

मी मायंना म्हटलं, “माय, तुम्हनी देवीले मी नावं नही ठेवस. पन मी एक जागावर हा म्हनेल शे.” मला वाटलं, आता झिंज्या धरतील. त्यांनी लाटणं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं आणि मग तुमच्याकडे. “मी मन्ही जागावर खरी, हाई तिन्ही जागावर खरी. तू कोठला रे, अभिमन?”

तुम्ही पाणी प्यायलात.

मला आत नेऊन त्यांनी वेगळी भाकरी थापली. “हाई रोट नही. साधी भाकर शे. उपाशी जाऊ नको,” असं म्हणाल्या आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. पीक बुडालं, म्हातारे सासरे गेले, दोन नातवंडं गेली, त्या बाईने एका श्रावणात देवी बसवायची चुकवली नाही. वाटून गेलं की त्या घरात मला ओळखणारं माणूस तेवढं एकच आहे.

निघताना ओट्यावर सुकदेवभाऊ मला ऐकू जाईल असं तुम्हाला म्हणाले, “मंग आम्हले दुसरी पाहनी पडी.” तुम्ही तेव्हा नाही म्हणाला असतात तर मी वर्षानुवर्षं वाट बघितली असती. तुम्ही चप्पल शोधत होतात.

चर्चमध्ये आपलं लग्न पुन्हा लावलं होतं, बाप्तिस्म्यानंतर. सुखात नि दुःखात, आजारात नि आरोग्यात. ते शब्द तुम्ही पाळकसाहेबांच्या पाठोपाठ म्हणालात, मी पण म्हणाले. मी तिथेच आहे.

वच्छला


धुळे
१४ मार्च १९८९

सलाम.

माय गेल्याचं निंबाकडून कळलं, तेही तेरावं उरकल्यावर. तुम्ही एक कार्ड टाकलं असतं तर आले असते. घरात घेतलं नसतं तर रस्त्यावर उभी राहिले असते.

दुसरं जे कळलं तेही त्यानेच सांगितलं, खाली मान घालून, जणू तुमचा दुसरा पाट त्यानेच लावला आहे. चाळीसगावची आहे म्हणे, तिच्या भावाचं कापडाचं दुकान आहे. सुखी राहा असं लिहायला हवं. लिहिलं समजा.

मात्र फारकत द्या म्हणून निंबाला पुन्हा माझ्याकडे पाठवू नका. तो भला माणूस आहे, त्याला अशी कामं सांगू नयेत. मी कोणाला धरून ठेवलेलं नाही. पण पाच माणसांत बसून माझ्या तोंडाने ‘सोडलं’ म्हणणार नाही. सोडलं तुम्ही. इथल्या बायका म्हणतात, वच्छलाबाई, तुम्ही पण बघा कोणीतरी, अजून वय आहे. मी म्हणते, बघते हं, पोळ्या संपू द्या.

यानंतर मी लिहिणार नाही.

वच्छला


धुळे
१२ फेब्रुवारी १९९५

अभिमन झुलाल पाटील यांस,

लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहावं लागतं आहे.

मागच्या आठवड्यात इथे मोठा मंडप घातला होता. तीन दिवसांचं अधिवेशन. जळगावचे एक बंधू येणार, परत आलेलं मेंढरू, अशी साक्ष तुम्ही कधी ऐकली नसेल, असं पाळकसाहेब महिनाभर सांगत होते. हे नवे आहेत, जुनं काही त्यांना माहीत नाही. छात्रालयाच्या आम्ही चौघी मंडपामागे जेवणाला होतो. भाताचा हंडा उतरवायच्या बेतात होते आणि भोंग्यातून तुमचा आवाज आला.

पहिल्या वाक्यालाच ओळखला. ट्रक, आग्रा रोड, पाय. तीच चाल, त्याच ठिकाणी थांबणं. मी उभी राहून ऐकत होते आणि देवाशपथ, मला आनंद झाला. वाटलं, आले परत. मला काय, माझ्याकडे नका येऊ, पण आले.

मग तुम्ही म्हणालात, “माझी पहिली बायको वरून प्रभूची होती, आतून मूर्तींची. माझ्यापाठीमागे तिने माझ्या लेकराला पिंप्राळ्याला नेलं आणि देवीचा घास भरवला. प्रभूने ते लेकरू उचललं. मी खचलो, बंधूंनो, मी जगात गेलो. ती तर मला सोडून गेलीच. पण प्रभू मला विसरला नाही.” आणि सगळा मंडप म्हणाला, आमेन.

भात खाली लागला. इतकी वर्षं मी रांधते आहे, माझा भात कधी लागला नव्हता.

पंगतीला वरणाची बादली माझ्याकडे होती. तुमच्यापुढे आले. अंगावर चांगला कोट, शेजारी पाळकसाहेब. मी वरण वाढलं. तुम्ही ताटावर आडवा हात धरलात, “बस्स, बाई.” तुमचे कान लाल झाले होते, म्हणजे ओळखलंत. शेजारची एक म्हातारी मला म्हणाली, “बिचारा. कशी बायको मिळाली होती बघा.”

तुम्ही विचाराल, तिथेच का बोलली नाहीस. तुमच्या हातात माईक होता, माझ्या हातात बादली. आणि खरं सांगायचं तर मला लाज वाटली, तुमची. एवढ्या लोकांसमोर तुमचं तोंड पडलेलं मला बघवलं नसतं. इतकी मूर्ख मी अजून आहे.

शमुवेलला मी कधी पिंप्राळ्याला नेलं नाही. तो चार वर्षांचा होऊन गेला, त्याच्या आजीने त्याला बघितलंसुद्धा नव्हतं. तो मेंदूच्या तापाने गेला. तुम्ही त्याच्या उशाशी होतात, त्याचा पाय तुमच्या हातात होता. तुम्ही मला सोडलंत, बाई आणलीत, देव बदललात, परत आलात, ते सगळं तुमचं तुमच्यापाशी. पण ते पोर माझ्या हातच्या घासाने मेलं, असं तुम्ही माईकवर सांगता? आणि लोकांना रडवता? साक्षीला एवढं मोल चढावं म्हणून तुम्ही मेलेल्या लेकराला कामाला लावलंत.

मी जुन्या माणसांकडे गेले. दोघं-तिघं अजून आहेत ज्यांनी त्याची पेटी उचलली. त्यांना सगळं ठाऊक आहे. ते म्हणाले, वच्छलाबाई, हरवलेला परत आला, आता कशाला उकरता? तुमच्यासारखीने मोठं मन दाखवायचं.

मोठं मन मी दाखवायला निघाले. आजचा रविवार प्रभुभोजनाचा होता, प्रभूच्या आठवणीची भाकरी सगळ्यांनी मिळून घ्यायचा. पाळकसाहेब दर वेळी सांगतात तसं आजही म्हणाले, ज्याच्या मनात कोणाविषयी काही असेल त्याने आधी समेट करावा, मगच हात पुढे करावा. समोरच्या खुर्चीवर तुम्ही पाहुणे म्हणून बसला होतात. भाकरीचं ताट बायकांच्या रांगेतून फिरत आलं. शमुवेल गेला त्या आठवड्यात मी ते घेतलं होतं. तुम्ही दुसरी आणलीत त्या महिन्यात घेतलं होतं. घरात खायला काही नसायचं तेव्हा तर तो एवढासा तुकडा घेऊन मी दिवसभर पोळ्या लाटल्या. आज ताट माझ्या हातात आलं, मी तुमच्याकडे बघितलं, आणि माझा हात उचलेना. मी ते शेजारणीला दिलं. ती म्हणाली, “अहो, घ्या ना.” मी मान हलवली.

पोराने नाही, उपासमारीने नाही, पाळकीणबाईंच्या बोलण्याने नाही. तुम्ही ते माझ्या हातून काढून घेतलंत. माझ्याकडे तेवढं एकच राहिलं होतं.

उपासनेच्या शेवटी जाहीर झालं की यापुढे दर महिन्याच्या प्रभुभोजनाला तुम्ही आमच्या मंडळीत संदेश द्यायला येणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी मी कागद घेऊन बसले ते ‘तुम्हाला क्षमा केली’ असं लिहायला. दोनदा लिहिलं, दोनदा फाडलं. केलेली नाही, तर कशी लिहू? लिहिलं की पुढच्या वेळी ताटाला हात लावता येईल, हे मला कळतं. पण ज्या प्रभूला ठाऊक आहे त्याच्यासमोर मी ते खोटं कसं गिळू?

म्हणून तुम्हाला सांगते. मला तुमचं घर नको, माफी नको, माझ्या नावाला लागलेला डागसुद्धा राहू द्या हवा तर. पुढच्या वेळी उभे राहाल तेव्हा ताट फिरायच्या आधी लोकांना एवढंच सांगा की शमुवेल तापाने गेला, आणि त्याची आई कुठेही गेली नव्हती. दोन वाक्यं. तुम्हाला बोलणं कधी जड गेलेलं नाही.

नाही सांगितलंत तरी मी येणार. मंडळी बदलणार नाही, जागाही बदलणार नाही. तिसरी रांग, भिंतीकडे. ताट येईल, मी ते न घेता पुढे देईन, आणि तुम्ही समोर बसून बघाल. दर महिन्याला बघाल.

शमुवेलची आई